धुरा कोणी सरकवला?

बा, आज तुले 'तू' म्हणते. तुले आवडणार नाई, माहीत आहे मले. तू मिशनचा उपदेशक झाला अन् घरात पहिला हुकूम तोच निघाला. बापाले 'तुम्ही' म्हणायचं. 'मले-तुले' बंद, 'मला-तुला' म्हणायचं, कारण शास्त्र त्या भाषेत छापलं आहे. माय तं इतकी धास्तावली की तुझ्याशी काही बोलायचं असलं तं मले पुढं करे. मंगळवारी तुले मातीत ठेवलं. आता कोण टोकते? शाळेत पोरींसमोर मी 'मला-तुला' करीन, त्याच्यासाठीच ठेवलं आहे मले तिथं. तुझ्याशी मात्र घरचंच बोलीन.

लोकं येऊन राह्यले रोज. लढाईपायी साखर मिळत नाई, गुळाचा चहा देते. पितात अन् म्हणतात, मास्तरासारखा माणूस होणे नाई. मी मान हालवते. मनात म्हणते, एक झाला तेवढा पुरे झाला. मग कप खाली ठेवता ठेवता जो तो आवाज हळू करून तेच विचारते, "मार्थाबाई, मास्तरले तिथं काहून ठेवलं? पार कुंपणावर?" मी म्हणते, जागा नव्हती. खोटं बोलते. जागा मस्त होती. तुले तिथं काहून ठेवलं ते त्यांले सांगायचंच नाई मले. तुले सांगायचं आहे.

राग आहे माझा तुझ्यावर, बा. मेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. पण आधी चांगलं सांगते, नाईतं तू म्हणशील, पोरीनं एकच बाजू वाचली.

रिसोडच्या बाजारात तुनं कोण्या उपदेशकाचं ऐकलं अन् घरी येऊन मायले म्हणे, आपुन येशूचे झालो. माय भाकर थापत होती. तिनं विचारलं, "आपुन म्हंजे कोण कोण?" तू म्हणे, "सारे." झालं, एवढ्यात साऱ्यांले विचारून झालं! मी मथुरा होती, मार्था झाली. धाकटी सारजा होती, तिची सारा झाली. मायचं नाव गिरजा. मिशनचा साहेब हसला अन् म्हणे, हिच्या नावातच गिरजाघर आहे, हिचं कायले बदलता? माय एकटी जशीच्या तशी राह्यली.

गावानं विहीर बंद केली. अन् पेरणीच्या तोंडावर तुझ्या पाठच्या भावानं, किसनकाकानं, आपल्या वावराच्या हद्दीचा धुरा सरकवला. धुऱ्याचा दगड उपटला, आपल्या मातीत आत आणून रोवला अन् म्हणे, बाटल्याले कायचं आलं वावर. तू भांडला नाई. ओसरीवर येऊन बसला अन् आपल्या हातांकडं पाहत राह्यला. मी लहान होती, तरी ते बसणं मले अजून दिसते. मग वावर सोडून आपण वाशीमच्या बाहेर मिशनच्या जागेत आलो.

तिथं तुनं विहीर खोदली. सोबत दोन-तीन घरचे होते, पण खरी तुनंच खोदली. हाताले फोड आले ते मायनं हळद लावून बांधले. पाणी लागलं, अन् गोड लागलं. पुढं पाण्याचा दुष्काळ पडला तेव्हा आपल्या जुन्या गावचे लोकं ढोरं घेऊन त्याच रस्त्यानं निघाले. किसनकाकाबी होता त्यांच्यात. तुनं साऱ्यांले पाणी पाजलं. काकाच्या ओंजळीत तू सोता ओतलं, अन् तो पिऊन तोंड पुसेपर्यंत लोटा तसाच धरून उभा राह्यला. मी दोर धरून पाहत होती. मले वाटलं, माझ्या बापाएवढा मोठा माणूस साऱ्या वऱ्हाडात नाई. मले शाळेत घातलं तेबी तुनंच. लोकं म्हणत, पोरीले शिकवून काय करता? तू म्हणे, वाचंल. तुझ्यामुळं वाचते मी, हे विसरली नाई.

त्याच माणसानं पुढं आपल्या नातीले दोन हात माती दिली नाई. म्हणून राग आहे.

मिशनच्या जागेमागं दोन टेकड्या, मधात नाला. शास्त्रात असंच आहे, तू म्हणे. देवाचा करार झाला तेव्हा अर्धे लोकं एका डोंगरावर आशीर्वादासाठी उभे राह्यले, अर्धे दुसऱ्यावर शापासाठी. सुगी झाली की दर साली तू आमच्याकडून तेच करून घेत होता. कोरड्या नाल्यात तू उभा, हातात शास्त्र. आशीर्वादाच्या टेकडीवर कडुनिंबाची सावली होती. आपलं घर नेहमी उघड्या टेकडीवर, शापाकडं. तू म्हणे, उपदेशकाच्या घरानं अवघड बाजू घ्यावी. आमचे पाय भाजत. तू एकेक शाप वाचे, अन् साऱ्यांनी 'आमेन' म्हणायचं. आंधळ्याची वाट चुकवणारा शापित. आमेन. विधवेचा न्याय बुडवणारा शापित. आमेन. अन् शेजाऱ्याचा धुरा सरकवणारा आला की तुझा आवाज फाटे. तू कोणाले वाचून राह्यला ते दोन्ही टेकड्यांवर सगळ्यांले समजे.

मायची गंमत तुले कधी कळलीच नाई. ती माझ्या बाजूले उभी राहे अन् हरेक शापाले पुटपुटे, "आमी नाई." मले वाटे, तिले शब्द जमत नसंल. एक दिवस चुलीपाशी मीनं विचारलं. तं म्हणे, "मथुरे, हे लोकं येडे झाले काय वं? तुहा बाप विचारते धुरा कोणं सरकवला, तं सारे वरडतात, 'आमीनं!' वाट कोणं चुकवली, तं 'आमीनं!' न केलेलं पाप काहून कबूल करतात हे? मी तं साफ सांगतो बाप्पा, आमी नाई." मी हसून हसून लोळली. आपल्या बोलीत 'आमीनं' म्हणजे आमीच केलं, दुसरा अर्थच नाई. मीनं तिले समजावलं, माय, ते आमेन आहे, तसंच होवो असं म्हणायचं असते. तिनं हातातलं लाकूड चुलीत सारलं. मग म्हणे, "शाप लागो म्हणायचं? अन् तेबी आपल्याच तोंडानं? मंग तं आमी नाईच." अन् शेवटपर्यंत तेच म्हणत राह्यली.

मी वाचायले शिकली अन् तुझा-माझा वाद सुरू झाला. तू म्हणे, एकानं करार मोडला तं तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत लेकरं भोगतात. मी म्हणे, त्याच्याच खाली हजार पिढ्यांची दया लिहिली आहे, ते काहून वाचत नाई मोठ्यानं? तू म्हणे, ती पाळणाऱ्यांसाठी. मी म्हणे, चौथ्या पिढीच्या लेकराचा अंगठा कोणं घेतला होता करारावर? तेव्हा तू चष्मा काढे, धोतराच्या सोग्यानं पुसे अन् म्हणे, "मार्था, जेवण झालं का?" तुझा वाद तिथं संपे. माझा संपला नाई. आता तं तू जेवणाचंबी विचारणार नाईस.

मग सारजीचं झालं. मामाचा तुळशीराम अन् आपली सारजी, हे मायनं अन् मामानं दोघं पाळण्यात होते तेव्हाच ठरवलं होतं. मायनं भावाच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. तुझ्या कराराच्या आधीचा करार होता तो, बा. तो मोडायचा की ठेवायचा हे तुनं मायले विचारलं नाई, अन् मायनं तुले सांगितलं नाई. सारजी गेली, अन् मामाच्या दारी अंतरपाट धरून तिचं लग्न लागलं. मले ठाऊक होतं. मायले तं ठाऊक होतंच, जायच्या दिवशी तिनं सारजीची वेणी घालून दिली होती.

त्या साली तू नाल्यात उभा राह्यला अन् सारे शाप वाचून झाल्यावर शास्त्र मिटलं. तुझ्या मनचा एक शाप अजून होता. तू म्हणे, "माझी मुलगी सारा करार मोडून मूर्तीपुढे बसली. तिच्यावर, तिच्या लेकरांवर, आणि त्यांच्याही लेकरांवर." अन् वर आमच्याकडं पाहत थांबला. लोकं आधी चुळबुळले, मग त्यांनी म्हटलं आमेन. माझा आवाज निघाला नाई, तुले वाटलं रडून राह्यली. अन् माझ्या बाजूले माय, जी जन्मभर पुटपुटली होती, ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "आमी नाई!" तू खालून मान डोलावली! साऱ्यात खणखणीत आमेन आपल्या बायकोचं निघालं, याचं तुले किती बरं वाटलं होतं. घरी येऊन सांगतबी होता साऱ्यांले. मीनं तेव्हा तुले खरं सांगितलं नाई, आज सांगते. तुझा शाप तुझ्या घरातच नापास झाला होता.

पण सारजीले ते कुठं माहीत? तिले शाप तेवढा पोचला. चिमी झाली, गोरीगोमटी, गालाले खळी पडे. अजून उभी राहत नव्हती, अन् हगवण लागून गेली. तिच्या सासरच्या गावचे लोकं म्हणे, बाटगीचं रक्त आहे, आमच्या मातीत नको. तुळशीराम एकटा भांडला, पण किती भांडंल? सारजी लेकराले पदरात गुंडाळून बैलांच्या दमणीत बसली अन् बापाकडं आली. भर दुपार होती. तू कबरस्तानाच्या फाटकात उभा होता.

ती म्हणे, "बा, दोन हात जागा दे."

तू म्हणे, "बाप्तिस्मा झाला नाही तिचा."

"तिले काय समजते बाप्तिस्मा? दोन हात दे."

तू म्हणे, "करार मोडला त्याचं फळ आहे हे, सारा. हे मी लावलेलं नाही."

सारजी तुझ्या तोंडाकडं पाहत राह्यली अन् म्हणे, "मंग कोणं लावलं?"

तुनं फाटक लावलं. किसनकाकाले ओंजळीत पाणी देणारा हात होता तो, त्याच हातानं कडी घातली. माय घरातून कुदळ घेऊन आली अन् तुझ्या अंगावरून निघून गेली. कुंपणाच्या बाहेर, हिवराच्या झाडाखाली, मीनं अन् तिनं मिळून खड्डा केला. जमीन दगडासारखी झाली होती. तू कुंपणाच्या आतून पाहत होता. एक प्रार्थनाबी बोलला नाई. मले त्या दिवशी वाटलं, हा माणूस जित्ता आहे तोवर मी याच्यासोबत राहीन, याचं सारं करीन, पण याले सोडणार नाई.

पुढं सारजीले दोन पोरी झाल्या. चांगल्या टणक आहेत, देवाची दया, हजारातली म्हण नाईतं लाखातली. पण सारजी कधी सुखानं निजली नाई. पोरीले शिंक आली तरी ती वाशीमच्या रस्त्याकडं पाहे, जसा काय तुझा शाप पायी चालत येऊन राह्यला. मले म्हणे, "मथुरे, एक गेली. तो तं तिसऱ्या-चौथ्यापर्यंत म्हणला होता. अजून किती उरलं असंल वं?" मीनं तिले मायचं 'आमी नाई' किती वेळा सांगितलं. ती हसे, अन् डोळे पुसून पुन्हा तेच विचारे. ते तुनं केलं, बा. चिमी रोगानं गेली असंल. सारजीची झोप तुनं नेली.

चिमी गेली त्या साली पावसाळा संपला अन् माय तुले म्हणे, कबरस्तानाचं कुंपण आता मी करीन. तेव्हापासून दर साली ती बाभळीचे काटे तोडून आणे अन् हिवराकडची बाजू सोता रची. हात रक्तानं भरून येत. मी म्हणे, गडी लाव ना. ती म्हणे, "माहं काम हाये हे." तू चर्चमध्ये सांगे, गिरजाबाईला प्रभूच्या घराची आवड लागली. तुनंच तिचं कौतुक केलं, हे बरं झालं. माय गेली तेव्हा एवढंच बोलली, मले हिवराकडच्या कोपऱ्यात ठेवजा. तिथंच ठेवलं. तू टोपी हातात घेऊन म्हणे, तिच्या बाजूची जागा माझी.

आता तुझं शेवटचं. तू पडून होता. जुने बाप मरायच्या आधी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत, तसं तुले करायचं होतं. तुनं मले जवळ बोलावलं अन् हात उचलला. मीनं डोकं मागं घेतलं. म्हटलं, "आधी सारजीच्या डोक्यावर. मग माझ्या." तुझा हात तसाच वर राह्यला. तू माझ्याकडं पाहत होता, मीबी तुझ्याकडं पाहत होती. 'बोलाव तिले', एवढंच म्हणायचं होतं तुले. मी दमणी जुंपून सोता गेली असती, नदीले पूर असता तरी गेली असती. तुनं हात हळूहळू घोंगडीवर ठेवला अन् भिंतीकडं तोंड केलं. मले पस्तावा नाई. तो आशीर्वाद मी एकटीनं घेतला असता तं मले जन्मभर चोरीचा वाटला असता.

तू गेला तसा मीनं सारजीले निरोप धाडला. ती तुळशीरामले अन् दोन्ही पोरींले घेऊन सकाळीच आली. मी खोदणाऱ्यांसोबत कबरस्तानात गेली. म्हटलं, मायच्या बाजूले खोदा, हिवराकडून. गड्यानं कुदळ मारली तं खण्णकन आवाज आला. म्हणे, "बाई, इथं दगड रोवेल हाये गवतात." मीनं वाकून गवत बाजूले केलं. चुन्याची खूण होती त्याच्यावर. मिशनच्या हद्दीचा दगड, आपल्या कबरस्तानाचा धुरा. दगड इथं, मायच्या कबरीले लागून. अन् कुंपण? कुंपण तिथं, दगडाच्या पार पलीकडं, एक माणूस आडवा निजंल एवढं पुढं! बाकी सारं सरळ, तेवढीच बाजू हिवराकडं पोट काढून गेलेली.

अव माय! काटे काय पायानं चालतात? माझ्या मायनं धुरा सरकवला होता, बा. दर साली थोडा थोडा, तुझ्या डोळ्यादेखत, चिमीकडं. अजून हातभर राह्यलं होतं अन् ती गेली. ज्या शापाले तुझा आवाज फाटे, तोच तिनं वर्षोगणती बाभळीच्या काट्यांनी रचला अन् तुझ्याकडून कौतुक करून घेतलं. मी तिथंच बसली अन् हसायले लागली. सारजीले वाटलं, मी बापाच्या दुःखानं येडी झाली.

मग मीनं तो दगड उपटायले लावला. दगडाच्याच जागेवर तुझा खड्डा खोदवला. सारजीनं, तुळशीरामनं अन् मीनं मिळून त्या बाजूचे काटे ओढत चिमीच्या पलीकडं नेले अन् तो दगड तिथं रोवला. तेवढ्यात चर्चचे पंच धावत आले. "मार्थाबाई, हे काय करून राह्यल्या? धुरा सरकवणाऱ्याले शास्त्रात काय म्हटलं हाये, तुमच्याच वडलांनी..."

"पाठ आहे मले," मीनं म्हटलं.

"अन् शाप?"

"लागू द्या."

सारजीनं माझा हात गच्च धरला. काट्यांनी दोघींचेबी हात फाटले होते. म्हणे, "नको वं मथुरे. एक भोगून राह्यली मी, अजून एक नको."

मीनं म्हटलं, "येडे, दगड मीनं उपटला, शाप मले लागंल. मीनं लग्न केलं नाई, मले लेकरू नाई. माझ्या घरी आला तं पुढं जाईल कोठी तो? दुसरीच पिढी नाई, तं तिसरी-चौथी कुठून आणंल? अन् बापाचा जुना शाप उरला असंल काही, तं तोबी दे इकडं. दोघंबी माझ्या दारात बसून मरतील."

तिनं माझ्याकडं पाह्यलं, मग आपल्या पोरींकडं पाह्यलं. धाकटी हिवराच्या शेंगा वेचून राह्यली होती, मोकळ्या पायानं, काट्यात. सारजी तिच्यावर ओरडली नाई. ओक्साबोक्शी रडली, अन् मग पोरीचं नाक पुसून दिलं.

तं असं आहे, बा. तू आता धुऱ्याच्या खड्ड्यात निजला. एका बाजूले माय, जिचं तुनं ऐकलं नाई. दुसऱ्या बाजूले चिमी, जिले तुनं आत घेतलं नाई. मधात तुले कूस बदलायलेबी जागा नाई. हा माझा सूड आहे, अन् तो मीनं उजेडात, साऱ्यांसमोर घेतला. पहिली मूठ माती सारजीनं टाकली. दुसरी मीनं.

नव्या उपदेशकानं प्रार्थना संपवली. साऱ्यांनी आमेन म्हटलं. त्याच्या मागून सारजी अन् मी दोघी एकदम, मोठ्यानं बोललो. पंचांनी डोळे पुसले. पोरींचा बापावर जीव होता, असं त्यांले वाटलं. तुलेबी तसंच वाटलं असंल, तुझे कान आधीपासून तसेच. म्हणून सांगते, नीट ऐक. आमी आमेन नाई म्हटलं. धुरा कोणी सरकवला, ते सांगितलं. मायनं, सारजीनं अन् मीनं. आमीनं.